पाचवी पायरी

९ मार्च, सोम.

नेवासा. तालमीची सातवी खेप आणि सातव्यांदा लिंबाखालचं बाकडं. बाईमाणूस आत येत नाही, असा इथला नेम. कारखान्याच्या क्रीडा मंडळाचं पत्र माझ्या पिशवीत आहे, की पैलवानांच्या मानसिक तयारीसाठी म्याडमना सर्व सहकार्य करावे. सर्व सहकार्य म्हणजे बाकडं पुसून दिलं. आत काय चाललंय ते खिडकीच्या गजांतून बघायचं. अकरा वर्षं समुपदेशन करतेय, तुरुंगातसुद्धा मला खुर्ची मिळाली होती.

बबन वस्ताद आज दोन वाक्यं बोलले. पहिलं, "च्या घेतला का?" दुसरं, "पोरांच्या डोक्यात काय बी न्हाई म्याडम, तुमी उगा काय घालू नका." आणि गेले आत. एकसष्ट वर्षांचा माणूस, कान फुटलेले, पाठ ताठ. मला हा माणूस अजिबात आवडत नाही. इथं तरी खरं लिहावं.

दत्ता तासभर बसला. सगळ्या तालमीत हाच एक नीट बसतो. बावीस वर्षांचा, घोडेगावचा, बाप म्हशींचा व्यापारी. ताकदीला कुणी हात धरणार नाही असं सगळे म्हणतात. पण जिल्हा निवड चाचणीत दोन वर्षं सलग हरला. दोन्ही वेळा पुढं होता. शेवटच्या मिनिटात हातच चालेनात. "हात लोन्याचं हुत्यात म्याडम." यंदाची चाचणी एप्रिलअखेर. यंदा नाही झालं तर बाप व्यवसायात घालणार, तसं बोलणं झालंय म्हणे. म्हणजे कुस्ती संपली.

११ मार्च, बुध.

दत्ताची वही तपासली. पाच रकाने आखून दिलेत. काय घडलं, मनात काय आलं, ते किती खरं वाटतं, त्याला पुरावा काय, उलट पुरावा काय. अक्षर भयानक. पण लिहितो.

मनात काय आलं: 'आता हारलो तर वस्ताद काय म्हनतील.'

किती खरं वाटतं, शंभरपैकी? म्हणाला नव्वद. मी म्हटलं, वस्ताद आजवर हरल्यावर तुला काय म्हणाले? विचार करून म्हणाला, काहीच नाही. कधीच नाही. मग नव्वद कसं? "बरं ऐंशी करा." मी बघत राहिले. "पंच्याहत्तर. त्याच्या खाली परवडनार न्हाई." मेला बाजारात बसल्यासारखा घासाघीस करतो. हसू आलं, ते दाबलं. पंच्याहत्तर लिहिलं.

त्याच्या मागच्या वर्षीच्या कुस्तीचा व्हिडिओ मोबाईलवर पाहिला. सहा मिनिटांत अकरा वेळा मान वळवून कोपऱ्यात बघतो. कोपऱ्यात वस्ताद. ते ओरडतात, हा करतो. त्यातल्या सात वेळा शेवटच्या मिनिटात. समोरचा काय करतोय तिकडे लक्षच नाही. सापडलं, असं वाटलं. खूप दिवसांनी कामाचं काहीतरी हाती लागल्याचा आनंद झाला.

१६ मार्च, सोम.

क्रीडा मंडळाच्या सचिवांचा फोन. "म्याडम, किती टक्के सुधारणा?" कशात? "मानसिकतेत." मी म्हटलं, बटाट्याचं पीक नाही हे. ते म्हणाले, अहवालात आकडा लागतो. काहीतरी टाका. मूर्ख माणूस.

दत्ताला पहिल्या दिवशी सांगितलेलं पुन्हा सांगितलं, इथं बोललेलं इथंच राहतं. तो म्हणाला, "मी बी कुनाला काय सांगत न्हाई म्याडम. शब्द म्हंजी शब्द." मी म्हटलं तुला बंधन नाही, मला आहे. त्यानं मान हलवली. कळलं असेल असं धरून चालले.

आज पायऱ्या ठरवल्या. भीती वाटते ती गोष्ट एकदम नाही करायची, पायरीपायरीनं. एकः सरावात एक मिनिट कोपऱ्यात न बघणं. दोनः सरावाची अख्खी कुस्ती न बघणं. तीनः गादीवर, शेजारच्या तालमीच्या पैलवानाबरोबर, न बघता. चारः वस्ताद हजर नसताना कुस्ती.

पाचवी मीच विचारली. वस्तादांशिवाय अजिबात होणार नाही असं तुला काय वाटतं? वहीचा कोपरा दुमडत म्हणाला, "थाप."

बाहेरच्या कुस्तीला उतरायच्या आधी वस्ताद पाठीवर थाप मारतात. ती घेतल्याशिवाय हा मातीत पाय ठेवत नाही. कुणीच ठेवत नाही. मी लिहिलं, पाचः थाप न घेता उतरणे. कंसात, नंतर ठरवू.

किती भीती? "शंभर." घासाघीस नाही केली.

१८ मार्च, बुध.

पहिली पायरी झाली. एक मिनिट बघितलं नाही. आधी लिहून घेतलं होतं काय होईल ते: 'चितपट हुईन.' झाला नाही. उलट समोरच्याला खाली घेतलं. वहीत लिहिलं: 'काय झालं न्हाई.' आमच्या धंद्यात याहून सुंदर वाक्य नाही.

वस्ताद खिडकीतून माझ्याकडं बघत होते. मीही बघितलं. कुणीच हाललं नाही. शेवटी त्यांनी खिडकी लावून घेतली. ह्या उकाड्यात.

१९ मार्च, गुरु. पाडवा.

श्रीखंड. आई म्हणाली, तू तालमीत जातेस ते शेजारणीला सांगू नकोस, ती म्हणेल पोरगी पैलवान झाली. मग विचारते, ते वस्ताद काय म्हणतात? म्हटलं काय म्हणणार, खिडकी लावतात. आई म्हणाली, "तू पण ना, कुणाच्या घरात जाऊन त्यांची भांडी लावायला लागतेस." राग आला. सणाच्या दिवशी ताटावरून उठले नाही एवढंच.

२५ मार्च, बुध.

दुसरी पायरी. अख्खी सरावाची कुस्ती. तीन वेळा मान वळली, मागं अकरा होत्या. घोडेगावपासून नेवाशापर्यंत नावाजलेला पैलवान आणि तीनवर आला म्हणून इतका खूश की पाणी प्यायला विसरला.

'वस्ताद काय म्हनतील' आता चाळिसावर. मी काही न बोलता पस्तीस लिहिलं. त्यानं बघितलं, हसला, म्हणाला, "चालंल."

१ एप्रिल, बुध.

डोकं फिरलंय. वस्तादांनी आज सगळ्या पोरांसमोर दत्ताला विचारलं, खिडकीतून मला ऐकू येईल अशा आवाजात, "काय रे, आजकाल मान आखडली का तुजी? इकडं वळंना झाली." पोरं हसली. दत्ता खाली बघून जोर मारत राहिला.

मी आत जाऊन बोलणार होते. उंबऱ्यापर्यंत गेले. तिथं एक पोरगं आडवं आलं, हात जोडून, "म्याडम, बाकड्यावर." परत बाकड्यावर.

वस्ताद बाहेर आले तेव्हा म्हटलं, दत्ताच्या मनाची तयारी चालू आहे, थोडं सांभाळून घ्या. म्हणाले, "बारा वर्सांचा हुता तवापास्नं सांभाळतोय. तुमी कवापास्नं?" आणि टॉवेल झटकला. धूळ माझ्या वहीवर. मुद्दाम. शंभर टक्के मुद्दाम. पुरावा नाही, लिहून ठेवतेय, मनाचं वाचन करू नये हे मीच सगळ्यांना शिकवते.

५ एप्रिल, रवि.

शेजारच्या गावची यात्रा. दत्तानं बोलावलं होतं, मातीतली कुस्ती बघा म्हणाला. गेले. बायका छतांवर, पुरुष खाली. मी एका मास्तरीणबाईंच्या गच्चीवर, शिदोरीसकट.

शेवटून दुसरी कुस्ती दत्ताची. समोर बीडचा पैलवान, वजनानं जड. हलगी चालू. वस्ताद मैदानाच्या कडेला, उजवा हात वर. दत्ता कपडे काढून आला. आला, आणि त्यांच्या शेजारून सरळ मातीत गेला.

मला गच्चीवरून नीट दिसलं. हात तसाच वर राहिला. चारपाच क्षण. मग खाली आला. आसपासची माणसं गप्प झाली, हलगीवाल्यानं मात्र काही बघितलं नव्हतं, तो वाजवत राहिला.

ही पायरी नव्हती ठरलेली. तिसरी झाली नव्हती, चौथी झाली नव्हती.

वीस मिनिटं कुस्ती सुटेना. मग पंचांनी गुणावर लावली. जो आधी गुण घेईल त्याची. वस्ताद काहीतरी ओरडत होते, दत्तानं एकदाही बघितलं नाही. एकदाही नाही, मी मोजत होते. समोरचा झुकून उभा, हा थांबला, थांबला, मग बगलेतून मागं गेला आणि ताबा घेतला. जिंकला. लोकांनी उचलून घेतला. फेटा, नारळ.

मी गच्चीवर टाळ्या वाजवल्या. मास्तरीणबाई म्हणाल्या, "टाळ्या काय वाजवताय? तालीम सोडली त्यानं." काय? "थाप न घेता उतरला म्हंजी वस्ताद मानत न्हाई, तालीम सोडली. असं हाय ते. तुमाला म्हाईत न्हाई?"

नाही. मला माहीत नाही. या जिल्ह्यात जन्मले, इथंच शिकले, अडतीस वर्षांची झाले आणि माहीत नाही. आणि मी ते कागदावर पाचव्या नंबरला लिहिलं. विचारलंसुद्धा नाही, बाबा रे, ही थाप म्हणजे नक्की काय.

६ एप्रिल, सोम.

तालमीच्या फाटकाबाहेर दत्ताची पत्र्याची पेटी आणि वळकटी. पेटीवर त्याचा डबा, व्यवस्थित ठेवलेला. फेकलेलं काहीच नव्हतं. तेच जास्त लागलं.

आत रोजच्यासारखा सराव. बाकड्यावर बसले. एकही पैलवान बाहेर आला नाही. वस्ताद आले, माझ्याकडं न बघता लिंबाला पाणी घालून गेले. त्यांना माझा संशय आहे की नाही, काही कळत नाही. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. खरंच सांगितलं असतं का?

सचिवांचा फोन. आनंदानं फुटायचे बाकी. "म्याडम, रिझल्ट आला. फोटो पाठवा, अहवालात टाकू." मी म्हटलं त्याला तालमीतून काढलंय. म्हणाले, "ते अहवालात नको."

७ एप्रिल, मंगळ.

नगरला, क्लिनिक. लक्ष नाही. दुपारी स्वतःसाठी पाच रकाने आखले. दुसऱ्यांना औषध देते तर स्वतः घ्यायला काय झालं.

काय घडलं: पोराची तालीम गेली.

मनात काय आलं: 'वस्तादांना सांगितलं तर मंडळ मला काढेल, आणि नगरभर होईल की ही बाई पोरांना गुरूविरुद्ध फितवते.'

किती खरं वाटतं: ऐंशी.

पुरावा: बराच.

उलट पुरावा: सुचेना. मग सुचलं की प्रश्नच चुकीचा आहे. माझं काय होईल हे खरं का खोटं, याच्याशी दत्ताचा काय संबंध. 'गोपनीयता' हा शब्द कालपासून मला फार आवडायला लागलाय. त्याच्या आड बसायला सावली आहे. स्वतःची शिसारी आली. वही मिटली.

८ एप्रिल, बुध.

घोडेगाव. घरी जायचं नसतं, नियम आहे. गेले. दत्ता गोठ्यात, म्हशीला पाणी पाजत. बाप मला बघून उठले, खुर्ची पुसली, "या म्याडम," आणि तिथंच म्हणाले, "आता कुस्तीचं नाव काढू नका. शुक्रवारच्या बाजाराला येतोय त्यो माज्यासंगं." मग चहा सांगायला आत गेले.

विचारलं, वस्तादांना का नाही सांगितलंस, की हे माझ्या कागदावर होतं? दत्ता माझ्याकडं वेड्यासारखा बघायला लागला. "शब्द दिल्ता ना. इथलं इथंच." मी म्हटलं तो नियम माझ्यासाठी होता रे. तू कुणालाही सांगू शकत होतास. "तसं कसं? एकानं पाळायचा आन् दुसऱ्यानं न्हाई?"

पेटी बाहेर आली तरी गप्प बसला, का, तर मी एक वाक्य म्हटलं होतं.

फॉर्मचं विचारलं. चाचणीच्या फॉर्मवर वस्तादांची सही लागते. मुदत पंधरा तारीख, संध्याकाळी पाच. सचिव म्हणाले होते दुसऱ्या तालमीचं नाव टाकू, तेही सांगून बघितलं. "दुसऱ्याच्या नावानं उतरनार न्हाई. त्यापरीस म्हशी बऱ्या." हे म्हणताना डोळे भरले. म्हशीच्या आड गेला.

वस्तादांना मी सांगू का? बराच वेळ पाणी पाजत राहिला. "तुमचं तुमी सांगा. माजं नका सांगू."

१० एप्रिल, शुक्र.

वस्तादांना सांगितलं. बाकड्यावर बसूनच. पायऱ्या, कागद, पाचवा नंबर, सगळं. थाप म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं हेही सांगितलं. माफी मागितली. आयुष्यात इतक्या कमी वेळा मागितलीय की शब्द जड गेले.

उभे राहून ऐकलं. चेहऱ्यावर काही नाही. म्हणाले, "म्हंजी ह्ये तुमचं डोकं."

हो.

"धा वर्स. त्येचा ताप मी काढला. त्येच्या आईच्या मौतीला मी खांद्यावर घिऊन गेल्तो त्येला, चालता येईना पोराला. आन् तुमी चार दिस बाकड्यावर बसून कागुद केला."

मी म्हटलं, आत घेतलं असतं तर विचारून केला असता. हे बोलायला नको होतं. पण खोटं नाही.

त्यांनी फक्त मान हलवली. जाताना दारातून म्हणाले, "त्येला म्हनावं येऊन सगळ्यांम्होरं सांग, म्याडमनं सांगितलं म्हनून केलं, माज्या मनात न्हवतं. मंग पेटी आत घेतो. सही बी करतो."

एसटीत जवळजवळ रडले. सुटलो, असं वाटलं. इतकं सोपं.

११ एप्रिल, शनि.

काहीही सोपं नाही.

दत्ताला फोनवर सांगितलं. मी म्हटलं एक वाक्य बोल, दोष माझ्यावर टाक, आनंदानं टाक, मला चालतो. तो म्हणाला, "पर तुमी कुठं सांगितलं हुतं?"

कागदावर होतं ना.

"कागदाव नंतर ठरवू असं हुतं. तुमी दुसरीवर हुता. मीच गेलो पाचवीवर." आणि मग हळूहळू बोलला. यात्रेच्या आदल्या दिवशीच ठरवलं होतं. अर्थ माहीत होता. तालीम जाईल हेही माहीत होतं. "मला बघायचं हुतं म्याडम, त्यांच्याबिगर मी हाय का न्हाई. चाचनी हारून म्हशींत गेलो आस्तो तर कदीच कळलं नस्तं."

मग कळलं का? "व्हय. हाय."

मला राग आला. प्रचंड. म्हटलं, अरे गाढवा, मग मला तरी सांगायचं होतं. म्हणाला, सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.

खरं आहे.

आणि शेवटी, "वस्तादांच्या पाया पडतो. हजार येळा पडतो. चुकलो म्हनतो. पर माज्या मनात न्हवतं, ह्ये न्हाई म्हननार. माज्या सगळ्या कुस्त्या त्यांच्याच हायत. एक तरी माज्या नावावर राहू द्या."

फोन ठेवला. भिंतीकडं बघत बसले. हेच तर शिकवत होते मी त्याला. वाक्यन् वाक्य. शिकलाय. इतका चांगला शिकलाय की आता त्याचं काय करायचं मला कळत नाही.

१२ एप्रिल, रवि.

आईला नावगाव न घेता सांगितलं. ती म्हणाली, मग तू जाऊन खोटं बोल की, तुझ्यानं काय अडतंय? मी सांगितलं होतं म्हणावं, त्याच्या मनात नव्हतं म्हणावं. पोराचं कल्याण होईल.

मला ते पटतंय. हेच वाईट आहे. मी खोटं बोलले तर पेटी आत, सही, चाचणी. दत्ताला कळलं तर त्याची एकुलती एक कुस्ती मी परत वस्तादांना नेऊन दिली. नाही बोलले तर म्हशी.

वस्तादांचाही राग. असली कसली अट. पोराचं डोकं फोडून आत घ्यायचंय. आणि दत्ताचाही राग. काय अडलं होतं एक वाक्य बोलायला, कोण लक्षात ठेवतंय. आणि सचिवांचा तर कायमचाच. आज फोन होता, अहवाल कधी.

१३ एप्रिल, सोम.

गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखत नव्हतं.

१४ एप्रिल, मंगळ. जयंतीची सुट्टी.

गावात निळे झेंडे, मिरवणुकीची तयारी, एसटी अर्धा तास अडकली. तेवढ्या वेळात वाक्य पाठ केलं. 'वस्ताद, दत्ताच्या मनात काही नव्हतं, मी त्याला तसं करायला लावलं.' बारा शब्द सुद्धा नाहीत. दत्तानं मार्चमध्येच भरून माझ्याकडं दिलेला फॉर्म पिशवीत. त्याला सांगितलं नव्हतं कशाला चाललेय.

तालीम बंद. वस्ताद एकटे, बाकड्यावर. माझ्या बाकड्यावर. मला जागा द्यायला सरकले. आजवर पहिल्यांदा शेजारी बसलो.

मी वाक्य सुरू केलं. 'दत्ताच्या मनात' इथपर्यंत आले. त्यांनी हात वर केला, थांबवलं. "म्याडम, एक इचारतो. तुमी लिव्हलं ते लिव्हलं. पर त्या दिशी उतरताना, तुमी सांगितलं म्हनून उतरला का त्येच्या मनानं?"

असं सरळ विचारल्यावर काय करायचं. पाठ केलेलं सगळं तोंडात होतं. घोडेगावचा गोठा डोळ्यासमोर आला, शुक्रवारचा बाजार आला. तरी म्हटलं, त्याच्या मनानं. अर्थ माहीत असताना. मला न सांगता.

संपलं, असं वाटलं. उठायला लागले.

वस्ताद लिंबाकडं बघत होते. म्हणाले, "गुणावर लावली तवा मी काय वरडत हुतो, ऐकलं का तुमी?"

नाही. हलगी होती.

"पट काढ. पट काढ म्हनत हुतो. दोनदा." पट म्हणजे वाकून समोरच्याचे पाय ओढायचा डाव, एवढं खिडकीतून शिकलेय. त्यांनी गुडघ्यावर हात घासले. "त्यो बीडवाला झुकून हुबा हुता. पटाचीच वाट बघत हुता. दत्त्यानं काढला आस्ता तर गेला हुता. मला कडंनं दिसलं न्हाई. त्येला दिसलं."

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्यायले.

"मागल्या साली चाचनीत बी मीच सांगितल्तं. त्येच्या आदल्या साली बी." थांबले. "त्यो ऐकत आला. हारत आला. कदी बोलला न्हाई."

मिरवणुकीचा आवाज इथपर्यंत येत होता. मी फॉर्म काढून पुढं केला. हातात घेतला नाही. म्हणाले, ठेवा बाकड्यावर. सही करणार का, असं विचारलं. "बघू." आणि मी निघाले तेव्हा, मागून, "ह्ये पटाचं त्येला सांगू नका."

का? तर टॉवेल खांद्यावर टाकला.

वारा होता. फॉर्मवर माझी पाण्याची बाटली ठेवून आले. फाटकातून वळून बघितलं तर ते तसेच बसलेले, फॉर्म शेजारी, दोघांच्या मधे हातभर जागा.

आता पावणेसहा. दत्ताचे तीन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. चौथा आता वाजतोय. जगात त्याला ऐकायची एकच गोष्ट आहे, ती वस्ताद आज माझ्याजवळ बोलले, आणि ती सांगायची मला परवानगी नाही. मुदत उद्या पाचला. उचलते.